दरबाराचा पडदा

९ डिसेंबर २०२४, सोमवार

आजपासून मी संग्रहालयप्रमुख. पत्र नाही, ठराव नाही. दादांनी केबिनमध्ये बोलावलं आणि चावी पुढे सरकवली. "जयराज सर, ते म्युझियमचं तुम्हीच बघा आता." दादा म्हणजे धैर्यशील दादा, आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव. संस्था त्यांच्या वडिलांनी, थोरल्या साहेबांनी काढली. मी तिच्या कला महाविद्यालयात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवतोय. तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की मीही सुटलो. बायको वडूजला माहेरी राहून तिथल्या शाळेत शिकवते, मी विट्यात भाड्याच्या खोलीत राहतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातली सहा अशीच गेली.

मार्चमध्ये कॉलेज तपासायला कमिटी येणार आहे. कमिटीला संग्रहालय आवडतं असं दादांना पुण्यात कोणीतरी सांगितलंय. "हे नीट झालं की तुमच्या पोस्टचं बघू." हे 'बघू' मी अकरा वर्षं ऐकतोय. तरी चावी घेतली. नाही म्हणायला मी काय सरकारी जावई आहे?

१२ डिसेंबर

सयाजीमामांना घेऊन दालनं मोजली. सयाजीमामा आमचे वॉचमन, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. टेप धरतानासुद्धा सावधानमध्ये उभे राहतात.

संस्थेची सूतगिरणी बंद पडली तिच्या गोदामात हे संग्रहालय. तीन दालनं आहेत. पहिलं सोळा फूट उंच, वर झरोके, उत्तरेचा मऊ उजेड. असा उजेड मुंबईतल्या गॅलऱ्यांनासुद्धा मिळत नाही. दुसऱ्याला मागच्या वर्षी पीओपीचं खोटं छत मारलंय, लपवलेल्या दिव्यांसकट. उंची साडेनऊ फूट, म्हणजे लग्नाचं कार्यालय. तिसरं दालन हा स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ आहे. दादा त्याला 'कॉरिडॉर गॅलरी' म्हणतात.

आत सध्या काय आहे? मुलांची परीक्षेची चित्रं, नाक तुटलेले प्लास्टरचे पुतळे आणि सायकलच्या चेनींचा एक बैल. बैल बरा आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

सांगलीला जाऊन आलो. विटा-सांगली गाडीवर नीलिमा म्हणून कंडक्टर आहे. माझ्या हातातली चित्रांची गुंडाळी बघून परवा तिनं विचारलं होतं, "सर, तुमी चित्रातलं का? आमचे अण्णा नाटकाचे पडदे रंगवायचे. एक राहिलाय घरी."

जुन्या सांगलीत एक लांबोळी खोली. आढ्याखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांबू टांगलेला, त्यावर मांजरपाटाची गुंडाळी. खाली नीलिमाची आई, आक्काताई. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. राजारामअण्णा बारा वर्षांपूर्वी गेले. पंचवीस वर्षं त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. कंपन्या बुडाल्या तसे पडदे घरी परत आले. नऊ खाली ठेवले होते, ते २०१९च्या पुरात गेले. हा एकटा वर होता म्हणून वाचला.

"पानी आढ्याच्या खाली दोन ईत ऱ्हायलं बगा," आक्काताई म्हणाल्या. "आमी शाळंत ऱ्हायला गेल्तो. परत आलो तर भांडी न्हाईत, कपाट न्हाई, ह्यो मातर जागच्या जागी."

समोरच्या शाळेच्या मैदानात उलगडला. सोळा फूट रुंद, तेरा फूट उंच. दरबार! खांब, कमानी, मागं सज्जा, सज्ज्यापल्याड संध्याकाळचं आभाळ. ते आभाळ बघून मी खाली बसलो. नारिंगीतून जांभळ्यात असं उतरलंय की सांधा कुठं सापडत नाही. पावडरचे रंग आणि सरस, दुसरं काही नाही. मला अॅक्रिलिकमध्ये हे जमत नाही, आणि मी पदवीधर.

गंमत एकच. खाली दरबाराच्या पायऱ्या, उजव्या कोपऱ्यात सही 'राजाराम, सांगली', आणि डाव्या कोपऱ्यात, पायरीखाली, चक्क एक कोंबडी. तांबडी, मान वर करून बघणारी. सिंहासनासमोर कोंबडी! अण्णांची मजाच. दारात फिरत असेल, दिली रंगवून. मी हसलो तशा आक्काताईही हसल्या, तोंडाला पदर लावून, बराच वेळ.

पडदा द्यायला तयार आहेत. पैसे नकोत. एकच अट. "घडी घालू नगा आन् कापू नगा. आख्खा टांगा. टांगला की मला येकदा न्या, मी लांबनं बगन. इतक्या वर्सांत मी त्यो कवा लांबनं बगितलाच न्हाई."

पंचवीस वर्षं नवऱ्याबरोबर राहून पडदा लांबून बघितला नाही! बायकांना नाटकाला नेत नसतील तेव्हा. मी शब्द दिला.

३० डिसेंबर

पडदा टेम्पोच्या टपावरून आला, बांबूसकट. सयाजीमामांनी गाडीपुढे मोटारसायकल चालवली, राष्ट्रपती आल्यासारखी.

पहिल्या दालनात दोरी लावून चढवला. झरोक्यातला उजेड आभाळावर पडला आणि मामा म्हणाले, "सर, हितं आता भाषान करायला नगो." खरं आहे. समोर वीस फूट मोकळी जागा, मागं मागं जाऊन बघता येतं. तेरा फुटांचा पडदा दुसरीकडे कुठं मावणारच नाही. दालन जणू त्याच्यासाठीच बांधलं होतं.

बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "ते राहू दे, पोस्टचं काय म्हणाले?"

८ जानेवारी २०२५

रंगाचे पोपडे सुटलेत दोन ठिकाणी. आक्काताईंना बोलावून घेतलं, सरसाचं प्रमाण विचारायला. मला वाटलं नवऱ्याचं बघून थोडंफार ठाऊक असेल. बाईंना सगळंच ठाऊक! सरस रात्रभर भिजत घालायचा, थेट विस्तवावर ठेवायचा नाही, पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचा, बोटाला चिकटून सुटला पाहिजे. मग आभाळाचं निघालं.

"आभाळ ओलं हाय तवरच खाली आनाय लागतं. वाळलं की डाग पडतोय. येक हात वरनं, येक हात खालनं, मधी थांबायचं न्हाई. पोर रडलं तरी थांबायचं न्हाई."

हे सांगताना त्यांचे दोन्ही हात हवेत चालले होते. किती बारकाईनं बघितलंय नवऱ्याचं काम! अशी बायको मिळायला भाग्य लागतं. पोपडे त्यांनीच बसवले, माझ्यापेक्षा चांगले. मी वहीत सगळं टिपून घेतलं. मथळा दिला: 'राजाराम यांची आभाळ रंगवण्याची पद्धत'.

लांबून मात्र बघितला नाही. पोपडे बसवून झाले की पाठ फिरवून बाहेर. "उजेडात, लोकं आल्याव बगन. अदीमदी बगून काय ते?"

१४ जानेवारी, संक्रांत

नीलिमानं गाडीत तिळगूळ दिला आणि एक फोटो. जुना, कृष्णधवल. दुसऱ्या कंपनीचा, जंगलाचा पडदा, पुरात गेलेला. भिंगातून बघितलं तर डाव्या कोपऱ्यात झाडाखाली कोंबडी. म्हणजे अण्णांना कोंबड्यांचा नादच होता! लेबलावर एक ओळ घालावी का? 'चित्रकाराचा मिश्कील स्वभाव' वगैरे. बघू.

३ फेब्रुवारी, सोमवार

दादा आले. पडद्यासमोर उभे राहिले, मान हलवली. "भारी आहे." मग दालनात चारी बाजूंनी फिरले आणि म्हणाले, "सर, ही जागा साहेबांसाठी लागणार."

पहिलं दालन आता 'थोरले साहेब स्मृतिदालन'. त्यात साहेबांचा कोट, चष्मा, काठी, अर्धपुतळा आणि सत्कारात मिळालेल्या शाली. शाली दोनशेच्या वर आहेत. त्यांना घड्या पडू नयेत म्हणून पूर्ण उंचीच्या काचा करून त्या उलगडून टांगायच्या. हे दादा मला सांगत होते आणि मी मान डोलवत होतो.

पडदा दुसऱ्या दालनात.

"दादा, तो तेरा फूट आहे. तिथं साडेनऊच."

"मग खालून थोडा कमी करा की. नुसत्या पायऱ्याच आहेत."

"छताचं पीओपी काढलं तर..."

"कमिटी आली की छत बघते, सर."

मी छताकडे बघितलं. कमिटी छत बघते हे खरंच असेल.

५ फेब्रुवारी

लेबलाचा मजकूर दादांना दाखवला. चित्रकाराचं नाव वडिलांच्या नावासह, आडनावासह लिहिलं होतं. आडनावावर त्यांचं बोट थांबलं. "नुसतं राजाराम ठेवा. कलाकाराला आडनाव कशाला?"

मला पटलं. पडद्यावरची सहीही तशीच आहे. दादांना कधीकधी चांगली नजर असते. साहेबांच्या दालनावरच्या पितळी पाटीत मात्र नाव, उपाध्या, गाव धरून तीन ओळी झाल्यात, तिला भिंत पुरेना म्हणून स्विचबोर्ड हलवला.

११ फेब्रुवारी

मामांनी तोड काढली. पडदा वरून टांगायचा, खालचे चार फूट बांबूवर गुंडाळून तळाशी लाकडी पन्हळीत ठेवायचे. कापायला नको, घडी नको. मी आणि मामांनी दिवसभर खपून बसवला. थोडा बुटका दिसतो, पण शब्द राहतो. जेवताना मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी भाकरीची चव लागली.

१३ फेब्रुवारी

दादांनी बघितलं. "हे काय, अर्धं शटर वर केल्यासारखं? फ्रेम करा अॅल्युमिनियमची. आजूबाजूला लाइट."

मी म्हणालो, "दादा, मी शब्द दिलाय. कापणार नाही म्हणून."

"कुणाला?"

"आक्काताईंना. राजारामअण्णांच्या मालकीण."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही चिडता आलं असतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जयराज सर, तुमची फाइल मी वर घेतलीय. कमिटीपर्यंत कुठं काही अडायला नको."

१९ फेब्रुवारी

सहा दिवस डोकं चालवतोय. माझ्या बाजूनं मुद्दे असे. कापडाचा वरचा दोन तृतीयांश भाग लोकांना दिसेल. नाहीतर पडदा परत त्या आढ्याला जाईल आणि पुढच्या पुराला दोन वीत जास्त पाणी आलं की संपला. पायऱ्या सगळ्या एकसारख्या, त्यात कला अशी नाही. आभाळ शाबूत राहतंय. मोठमोठ्या संग्रहालयांतही चित्रं कापलेली आहेत. बायको म्हणते, "तुझं चित्र आहे का ते?" माझं नाही.

आक्काताईंना फोन करावा असं दोनदा मनात आलं. केला नाही. त्या नको म्हणाल्या असत्या तर पंचाईत झाली असती.

२३ फेब्रुवारी, रविवार

कापला.

सुट्टीचा दिवस बघून सकाळी गेलो. पडदा जमिनीवर पसरला, खडूची दोरी मारली. मामांना म्हणालो, दुसरं टोक ताणून धरा. मामा टोकापाशी गेले, खाली वाकले, परत उभे राहिले. "सर, ह्ये माझ्याच्यानं न्हाई व्हायचं." मग दाराबाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले. पेन्शनवाला माणूस, त्याला चालतं.

टोकावर विटा ठेवून एकट्यानंच ब्लेड चालवलं. मांजरपाट जुनं असलं तरी चिवट होतं, मधल्या शिवणीवर दोनदा अडलं.

सही वाया जाऊ नये म्हणून तेवढी हातभर चौकोनी कापून घेतली आणि वरच्या भागाच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवली. सरस वापरला, आक्काताईंनी सांगितला तसाच, पाण्याच्या भांड्यात वितळवून. इतका बेमालूम बसला की माझा मलाच अभिमान वाटला. अण्णांचं नाव राखलं, एवढं तरी केलं. कोंबडीचा प्रश्न नव्हता. दरबारात ती तशीही विसंगत होती, कमिटीतल्या कोणी विचारलं असतं तर काय सांगणार?

चार फुटांची पट्टी मामांना टाकायला सांगितली.

५ मार्च, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

कमिटी साडेदहाला आली. तिघं जण, त्यात एक बाई, बाहेरच्या विद्यापीठातल्या. पहिल्या दालनात त्यांना पाऊण तास शाली दाखवल्या. आक्काताईंना दादांनीच बोलवायला सांगितलं होतं, कलाकाराच्या पत्नीचा सत्कार म्हणून. पांढरं स्वच्छ लुगडं, नीलिमा कंडक्टरच्या खाकीत, रजा मिळाली नव्हती म्हणून ड्यूटी संपवून तशीच आलेली. शाल दिली, रोप दिलं, फोटो झाले.

मग दुसरं दालन. फ्रेम, दिवे, पडदा. आक्काताई दारातूनच बघत राहिल्या. शेवटी लांबून. त्यांचा चेहरा उजळलाच, मी बघितलं. नजर आभाळावरून खाली आली, सज्जा, खांब, सिंहासन, आणि खाली येऊन अडली.

कमिटीतल्या बाई पुढे जाऊन वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "खाली हे अचानक संपतं. मूळ एवढंच आहे?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "२०१९चा महापूर, मॅडम. खालचा भाग गेला. उरलेला आमच्या सरांनी वाचवला."

बाई माझ्याकडे आदरानं वळल्या. सगळे वळले. मी मान खाली घातली, ती त्यांना नम्रता वाटली.

"पुरात काय न्हाई गेलं," आक्काताई म्हणाल्या. आवाज चढा नव्हता. "आमचा पडदा वर हुता. त्याला थेंब लागला न्हाई."

दादा हसले. "वय झालंय त्यांचं. चला, पुढं कॉरिडॉर गॅलरी आहे." आणि सगळे पुढे गेले.

आम्ही तिघंच राहिलो. आक्काताई फ्रेमपाशी आल्या. उजव्या कोपऱ्यातल्या सहीवर त्यांनी बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, पण ती ओळखीची असणार. मग डाव्या कोपऱ्यात गेल्या. तिथं नुसती अॅल्युमिनियमची पट्टी.

"सर, माजी कोंबडी कुटं हाय?"

मी म्हणालो, "जागा कमी होती आक्काताई. खालचा थोडा... सही मात्र राखली."

"ह्यांची राखली. माजी?"

मला अजून कळेना. काय बोललो तेही लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. म्हणालो, "कोंबडीच होती हो ती."

नीलिमा माझ्याकडे बघत राहिली, गाडीत फुकट बसलेला माणूस सापडल्यावर बघते तशी. "सर, तिला लिवता येत न्हाई. अण्णा खांब न् कमानी काढायचे, सही करायचे. आभाळ, झाडं, पानी, समदं रंगाचं काम हिचं. बाईनं रंगवलंय म्हणल्यावर कंपनीवाले घ्यायचे न्हाईत, म्हणून हिनं कोंबडी काढायची. दहाच्या दहा पडद्यांवर. तुमाला ठावं हाय असंच वाटलं आमाला. तुमी हसला न्हवतासा व्हय त्या दिवशी, कोंबडी बघून?"

हसलो होतो.

आक्काताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं." मग मला, "त्यो तुकडा तरी हाय का, सर?"

दारातून मामा आले. खांद्यावर बांबू, बांबूवर पट्टी गुंडाळलेली, घडी न घालता, वर धुतलेलं धोतर गुंडाळून. टाकली नव्हती त्यांनी. आक्काताईंच्या पुढे बांबू ठेवला आणि सलाम केला. मला केला नाही.

बांबू सोळा फुटांचा, गाडीत मावेना. नीलिमानं ड्रायव्हरला सांगून टपावर बांधून घेतला.

६ मार्च

आजारी म्हणून कळवलं. मागची पानं वाचली. ८ जानेवारीचं दोनदा वाचलं. 'किती बारकाईनं बघितलंय नवऱ्याचं काम!' हे मी लिहिलंय, माझ्या अक्षरात, उद्गारचिन्हासकट. पान फाडावंसं वाटलं. मग म्हटलं, आणखी कापाकापी नको.

२१ एप्रिल

श्रेणी मिळाली, वरची. अहवालात एक वाक्य आपल्यावर आहे. 'पूरग्रस्त कलाकृतीचे स्तुत्य जतन.' दादांनी त्याचा फ्लेक्स करून गेटवर लावलाय, वर साहेबांचा फोटो.

१२ जून, गुरुवार

ऑर्डर आली. कायम.

अकरा वर्षं मी ठरवून ठेवलं होतं, की ही माणसं मला फसवणार. फसवल्यावर काय काय बोलायचं तेही पाठ होतं. दादांनी शब्द पाळला. आता कोणाच्या नावानं शिमगा करू?

बायको फोनवर रडली, आनंदानं. जुलैत इकडे राहायला येते म्हणाली. मीही रडलो. तिला वाटलं त्याच कारणानं.

१५ जून, रविवार

सांगलीला गेलो. पेढे नेले नाहीत, कसे नेणार? नवं लेबल टाइप करून नेलं.

त्या लांबोळ्या खोलीत शिरलो आणि चप्पल काढायचं विसरलो. भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी लावलेली. पायऱ्याच पायऱ्या. खाली चूल, हंडे, नीलिमाची तिकिटांची पेटी. जमिनीवर बसलं की दरबाराच्या पायथ्याशी बसल्यासारखं वाटतं. डाव्या कोपऱ्यात, फडताळाशेजारी, कोंबडी. उजव्या कोपऱ्यात हातभर चौकोनी भोक, त्यातून भिंतीचा निळा चुना दिसतो.

आक्काताईंनी चहा दिला. मीच लेबल काढलं. "वाचा," म्हणाल्या. मी वाचलं: "दरबाराचा पडदा. चित्रकार: आक्काताई आणि राजाराम." त्यांनी परत वाचायला लावलं. मग कागद हातात घेऊन विचारलं, "ह्यातलं माजं कुटलं?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"लावनार व्हय?"

"लावणार," मी म्हणालो.

"मग ह्यांची सई बी नीट बगा. त्या कोपऱ्याला सरस जास्त झालाय. पावसाळ्यात उकलंल."

१९ जून

दादांना लेबल दाखवलं. ते वाचून बाजूला ठेवून म्हणाले, "सर, अहवालात राजाराम आहे. माहितीपत्रकात राजाराम आहे. आता बदललं तर आधी खोटं लिहिलं होतं असं होईल. पुढच्या कमिटीच्या वेळी बघू."

पूर्वी पोस्टचा सवाल होता. आता कायम आहे, मला कोणी काढू शकत नाही. लेबल चिकटवायला दोन मिनिटं लागतात, चावी माझ्याकडे आहे. हे सगळं मला ठाऊक आहे. लेबल टेबलाच्या खणात ठेवलं.

५ जुलै

सहीचा कोपरा उकलला. दमट हवा. मी परत चिकटवला, सरस कमी घेऊन.

१८ जुलै, शुक्रवार

बाहेरगावाहून एका शाळेची सहल आली होती. पन्नासेक मुली, रांगेत. पहिल्या दालनात शाली बघून कंटाळलेल्या, दुसऱ्यात आल्या आणि पडद्यापाशी थांबल्या. एक मुलगी आभाळाकडे बघत होती, तोंड उघडं टाकून, मी त्या मैदानात बघत बसलो होतो तशी. बाकीच्या पुढे गेल्या तरी ती हलेना. तिनं काही विचारलंही नव्हतं.

मीच जवळ जाऊन सांगितलं, "हा खालचा भाग पुरात गेला."